नगर ते खुलताबाद : एका मातीच्या कबरीपर्यंत

दिवाळीच्या सुट्टीत कुठे जायचे, असा विषय घरात निघाला तेव्हा खुलताबादचे नाव आम्हीच घेतले. आमचा धाकटा ताटातून मान वर न करता म्हणाला, "तिथं काय बघायचंय?" आणि जेवत राहिला. तिथे काय आहे हे त्यालाही माहीत होते आणि आम्हालाही. म्हणूनच जायचे होते.

मार्च २०२५ मधली गोष्ट. रमजान चालू होता. छत्रपती संभाजी महाराजांवरचा 'छावा' हा चित्रपट फेब्रुवारीत लागला होता आणि गावोगाव लोक डोळे पुसत थिएटरबाहेर पडत होते. त्यापाठोपाठ औरंगजेबाची कबर उखडून टाका, अशी मागणी जोरात सुरू झाली. टीव्हीवर सकाळ-संध्याकाळ तेच. धाकटा तेव्हा आठवीत होता. मधल्या सुट्टीत कोणीतरी त्याला म्हणाले, "आता तुझ्या आजोबाची कबर काढणार." चार पोरे हसली. त्या चौघांत त्याचा बाकावरचा जोडीदारही होता, पहिलीपासूनचा दोस्त, दर ईदला आमच्या घरी शीरखुर्मा खायला येणारा.

धाकट्याने घरी काही सांगितले नाही. रात्री तरावीहहून आल्यावर त्याने मोबाइलवर औरंगजेबाचे चित्र लावले, खाली दोन ओळी लिहिल्या आणि स्टेटस ठेवून झोपून गेला. त्या ओळी इथे लिहिण्यासारख्या नाहीत. त्यांत संभाजी महाराजांच्या मरणाची थट्टा होती, एवढेच सांगतो. अर्ध्या तासात चुलत भावाचा फोन आला. आम्ही त्याला झोपेतून उठवून ते काढायला लावले. पण तेवढ्या वेळात दोस्ताने पाहिले होते. त्या ईदला तो आला नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा दोघांचे बाक वेगळे झाले होते.

त्या रात्री आम्ही मुलाला खूप रागावलो. नंतर मात्र आम्हालाच झोप लागेना. या विषयावर आम्ही त्याच्याशी कधी एक शब्दही बोललो नव्हतो. घरात औरंगजेबाचे नाव निघाले की आम्ही विषय बदलायचो. त्याची बाजू घ्यायची नव्हती, आणि विरोधात बोललो तर कोणाला तरी खूश करायला बोलतोय असे वाटायचे. आम्ही गप्प राहिलो आणि मुलाने जे शिकायचे ते मोबाइलवरून शिकून घेतले. चूक एकट्या त्याची नव्हती.

म्हणून आम्ही पाच जण निघालो. दादी, आम्ही दोघे, कॉलेजात इतिहास शिकणारी थोरली आणि आता नववीत गेलेला धाकटा.

शाह शरीफ यांच्या दारातून

आमचे गाव अहिल्यानगर, दादीच्या तोंडी अजून नुसते 'नगर'. फजरची नमाज झाल्यावर आम्ही आधी दर्गा दायरा इथे शाह शरीफ यांच्या दर्ग्यावर गेलो. प्रवासाला निघताना तिथे सलाम करून निघायचे, ही दादीची सवय. थोरलीने तिथेच भावाला विचारले, "शहाजीराजांना शहाजी हे नाव कुठून मिळालं, सांग." त्याला ठाऊक नव्हते.

वेरूळचे मालोजीराजे भोसले निजामशाहीचे सरदार. त्यांना मूल होत नव्हते. त्यांच्या घराण्याने या शाह शरीफांना नवस बोलला आणि दोन मुलगे झाले. एकाचे नाव शहाजी, दुसऱ्याचे शरीफजी. शिवरायांच्या वडिलांचे आणि चुलत्याचे नाव नगरच्या एका पिरावरून ठेवले गेले, ही गोष्ट मराठ्यांच्या इतिहासाच्या पुस्तकांतून सांगितली जाते. आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर असलेल्या जागेची ही कथा आमच्या मुलाला माहीत नव्हती, आणि औरंगजेबाच्या नावाने केलेली गाणी मात्र पाठ होती.

नगरच्या दुसऱ्या अंगाला भिंगार. औरंगजेब बादशाहाचा मुक्काम शेवटी तिथेच होता. १६८१ च्या सुमारास तो दक्षिण जिंकायला म्हणून निघाला आणि परत दिल्लीला गेलाच नाही. आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे छावणीत काढून ३ मार्च १७०७ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी तो नगरला मरण पावला. तिथून त्याचा देह खुलताबादला नेऊन दफन केला. आज आम्ही जवळपास तोच पल्ला कापणार होतो. सुमारे १४० किलोमीटर.

इमामपूरचा घाट उतरून पांढरी पुलावर चहा घेतला. घोडेगाव, वडाळा मागे पडले. नेवासा फाट्यावर दादी म्हणाली, "इथं ज्ञानोबांनी पोथी सांगितली." दादी शाळेत चौथीपर्यंतच गेली, पण नेवाशाचा खांब तिने पाहिला आहे. ज्ञानेश्वर महाराज ज्याला टेकून बसले, तो पैस खांब. पुढे प्रवरासंगमला पुलावरून गोदावरी ओलांडली. पाऊस चांगला झाल्यामुळे पात्र भरून वाहत होते. वाळूजचे कारखाने, मग छत्रपती संभाजीनगर, आणि शहर संपल्यावर दौलताबादचा किल्ला दिसू लागला. किल्ल्याच्या पायथ्याशी रस्त्याच्या दोन्ही कडेला सीताफळांच्या पाट्या घेऊन बायका बसल्या होत्या. परतताना घेऊ, असे ठरवून आम्ही घाट चढलो.

संतांचे गाव

खुलताबाद हे नाव औरंगजेबामुळे पडले. मरणानंतर त्याला 'खुल्दमकान' म्हणत, म्हणजे ज्याचे घर शाश्वत लोकात आहे असा. त्यावरून खुल्दाबाद, आणि मराठी बोलीत खुलताबाद. पण गाव त्याच्याआधीचे आहे. जुन्या लोकांच्या तोंडी आजही 'रौजा' हेच नाव आहे. दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन औलियांचे शिष्य चौदाव्या शतकात दक्षिणेत आले आणि इथल्या डोंगरावर राहिले. हजरत मुंतजबुद्दीन जर जरी जर बक्ष, त्यांचे भाऊ हजरत बुरहानुद्दीन गरीब, आणि पुढे हजरत जैनुद्दीन शिराजी. बुरहानुद्दीन गरीब यांचे निधन १३३७ सालचे. म्हणजे बादशाहाची कबर इथे येण्याआधी साडेतीनशेहून अधिक वर्षे लोक या गावात येत होते, ते फकिरांच्या दारात.

आणि हे गाव फक्त आपलेच आहे असेही नाही. इथेच भद्रा मारुतीचे मंदिर आहे. निद्रिस्त अवस्थेतल्या मारुतीची अशी मूर्ती क्वचित पाहायला मिळते. श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीला लोक रात्रभर चालत या मंदिरात येतात. रबीउल अव्वलमध्ये उरूस भरतो, तेव्हा त्याच रस्त्याने दर्ग्याकडे जाणारे लोक असतात. एका गर्दीला चहा पाजणारा दुकानदार दुसऱ्या गर्दीलाही पाजतो.

दर्ग्याजवळच्या एका फूलवाल्याकडे आम्ही चप्पल ठेवल्या. त्याच्याशी बोलणे निघाले. मार्चमधले दिवस आठवून तो म्हणाला, "ईद तोंडावर, आणि गावात गिऱ्हाईकापेक्षा पोलीस जास्त. शेजारी हॉटेलवाले भाऊ आहेत ना, त्यांचं भजं तळायचं बंद, माझी फुलं सुकून गेली. कबर काढा म्हणणारे बाहेरचे, आणि कबरीसाठी जीव देऊ म्हणणारेही बाहेरचे. इथल्या माणसाला कुणी काही विचारलं नाही." बाजूच्या हॉटेलवाल्याने कढईतून मान वर करून नुसते "खरंय" म्हटले.

उघड्यावरची माती

दारात पोलीस होते. वहीत नाव, गाव आणि फोन नंबर लिहून आम्ही आत गेलो. अंगणाच्या एका बाजूला हजरत जैनुद्दीन शिराजी यांचा दर्गा आहे, ज्यांच्या सोबतीला औरंगजेबाला दफन व्हायचे होते. दर्ग्यावर डोई टेकणाऱ्यांची ये-जा होती. कबरीकडे फारसे कोणी नव्हते.

धाकटा जाळीपाशी थांबला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "एवढीच?"

एवढीच. वर छत नाही, घुमट नाही. संगमरवरी जाळीच्या आत मातीचा एक लांबट चौकोन आणि त्यात लावलेले सब्जाचे रोप. जाळीसुद्धा मागाहूनची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉर्ड कर्झन यांच्या सांगण्यावरून हैदराबादच्या निजामाने ती बसवली, असे सांगतात. टोप्या शिवून मिळालेल्या चौदा रुपये बारा आण्यांत कबरीचा खर्च भागवावा, अशी बादशाहाची इच्छा होती, ही गोष्ट तर सर्वतोमुखी आहे. संभाजीनगरात त्याच्या बेगमेसाठी मुलाने बांधलेला बिबी का मकबरा पाहिलेला असला की हा फरक आणखी जाणवतो. आणि सभोवती आता मार्चनंतर लागलेले पत्रे आणि तारेचे कुंपण.

मोबाइलवर त्याने जे चित्र लावले होते त्यात तख्त होते, तलवार होती, घोडा होता. इथे त्यातले काहीच नव्हते.

"फातिहा पढायचा का?" त्याने दादीला विचारले. हा प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. पढला तर आपण त्याच्या बाजूचे होतो का, असे त्याला विचारायचे होते.

दादी म्हणाली, "कोणतीही कबर दिसली तर आपण दुआ मागतो, बेटा. दुआ मागणं म्हणजे त्यानं केलं ते चांगलं म्हणणं नाही. त्यानं काय केलं, ते आता तो आणि त्याचा अल्लाह." तिने हात उचलले. आम्हीही उचलले.

दुआ झाल्यावर आम्ही अंगणातच एका कडेला बसलो आणि सहा महिन्यांपूर्वी जे बोलायला हवे होते ते बोललो. संभाजी महाराजांना १६८९ मध्ये पकडून, हालहाल करून मारण्यात आले. ते औरंगजेबाच्या हुकमाने झाले. हे खरे आहे, आणि ते सांगताना आपण पुढे 'पण' लावायचा नाही. ज्या मातीत आपण जन्मलो तिच्या राजाला असे मारले गेले. त्याचे दुःख तुझ्या दोस्ताला होत असेल तर ते तुलाही व्हायला हवे. तो चित्रपट पाहून रडणारा माणूस तुझ्या विरोधात रडत नव्हता.

थोरलीने यादी पुढे नेली. बापाला आग्र्याच्या किल्ल्यात कैद केले. दारा शुकोह आणि मुराद या सख्ख्या भावांना मारले. गुरू तेगबहादुरांना १६७५ मध्ये दिल्लीत ठार केले. काशी आणि मथुरेची मंदिरे पाडली, जिझिया परत लावला. विजापूर १६८६ मध्ये बुडवले आणि गोवळकोंडा १६८७ मध्ये, दोन्ही राज्ये मुसलमानांचीच. मग तीच म्हणाली, "त्यानं मुसलमानांनाही मारलं, हे आपण सफाई म्हणून सांगायचं नाही. नुसतं खरं आहे म्हणून सांगायचं. तो बादशाह होता आणि राज्यासाठी जे आड येईल ते कापत गेला. त्याचा हिशेब आपल्या माथ्यावर नाही. आणि त्याचं कौतुकही आपल्या माथ्यावर नको."

"मग लोक मला का विचारतात?" धाकटा म्हणाला.

याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. आम्ही तसे त्याला सांगितलेही. एवढेच म्हणालो की, ज्याने विचारले त्याला आपण स्टेटसने उत्तर दिले, तेव्हा त्याचा प्रश्न आपणच खरा करून दिला.

चादर आणि अफवा

नागपूरला आमच्या वहिनींचे माहेर. १७ मार्चच्या रात्री त्यांचा फोन लागत नव्हता, तो प्रसंग घरात सगळ्यांना आठवतो. त्या दिवशी कबर हटवण्याच्या मागणीसाठी तिथल्या महाल भागात आंदोलन झाले. औरंगजेबाचा पुतळा जाळला आणि त्याबरोबर हिरवे कापड जाळले. कापडावर पवित्र आयती होत्या, अशी बातमी संध्याकाळपर्यंत पसरली. ती अफवा असल्याचे पोलीस आणि सरकार सांगत राहिले, पण तोवर दगड सुटले होते. गाड्या जळाल्या, पोलीस जखमी झाले, अनेक भागांत संचारबंदी लागली. जखमींपैकी एकाचा पुढे रुग्णालयात मृत्यू झाला. रमजानच्या दिवसांत कितीतरी घरांत इफ्तारला माणसे कमी होती. कोणी कोठडीत, कोणी दवाखान्यात. आणि ज्याच्यावरून हे घडले ती माती इथे, पाचशे किलोमीटरवर, सब्जाच्या रोपाखाली तशीच होती.

आंदोलन करणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. कबर राहावी की नाही, यावर मागणी करता येते, निवेदन देता येते, न्यायालयात जाता येते. ही कबर केंद्राच्या पुरातत्त्व खात्याची संरक्षित वास्तू आहे. अशा वास्तूची नासधूस केल्यास १९५८ च्या कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तिचे रक्षण करणे ही सरकारची जबाबदारी आहे, हे मुख्यमंत्र्यांनीही मान्य केले, उदात्तीकरण होऊ देणार नाही असे बजावून. पण हिरवी चादर औरंगजेबाची नव्हे. ती गावागावांतल्या दर्ग्यांवर चढते आणि चढवणाऱ्यांत हिंदू बांधवही असतात. ती जाळली की मेलेल्या बादशाहाला काही होत नाही. शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या जिवंत माणसाला होते. त्याला लागावे म्हणूनच एखादी गोष्ट जाळली, तर ते इतिहासाबद्दलचे आंदोलन उरत नाही.

हे आम्ही मोकळेपणाने लिहितो, कारण आपल्या बाजूचेही तितक्याच मोकळेपणाने लिहायचे आहे. २०२३ मध्ये कोल्हापुरात स्टेटसवरूनच वातावरण पेटले होते. आमच्या मुलाने केले ते काय वेगळे होते? त्यालाही औरंगजेबाशी काही देणेघेणे नव्हते. समोरच्याला लागावे, एवढेच हवे होते. कुरआनात सूरह अनआममध्ये ताकीद आहे, की दुसरे लोक अल्लाहखेरीज ज्यांना पुकारतात त्यांना शिव्या देऊ नका, नाहीतर तेही वैरभावाने आणि अजाणतेपणी अल्लाहला वाईट बोलतील. संभाजी महाराज हे काही दैवत नव्हे, मग ही ताकीद इथे कशी लागू, असा वाद कोणी घालील. त्याने त्या ताकिदीमागचे कारण पाहावे. दुसऱ्याला जे प्राणप्रिय आहे त्याचा अपमान केला, की तो आपल्याला प्राणप्रिय आहे त्याच्यावर उलटतो, आणि त्या पापाची सुरुवात आपल्याकडून झालेली असते.

अफवेबद्दलही आपल्याला शिकवण आहेच. सूरह हुजुरातमध्ये सांगितले आहे की, बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर आधी खात्री करून घ्या, नाहीतर नकळत कोणाचे तरी नुकसान कराल आणि मग पस्तावाल. कापडावर काय होते हे पाहायला त्या संध्याकाळी किती जण थांबले? आणि मेलेल्यांना वाईट बोलू नका, ते आपल्या कर्माजवळ पोहोचले आहेत, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण दोन्ही कबरींना लागू आहे, खुलताबादच्या आणि तुळापूर-वढूच्या समाधीलाही.

थोडा दिलासा याचाही वाटतो की, त्या महिन्यात सगळेच आवाज सारखे नव्हते. गुढीपाडव्याच्या सभेत राज ठाकरे म्हणाले की कबर काढू नका, उलट मराठ्यांना संपवायला आलेला बादशाह इथेच गाडला गेला असा फलक लावा. संघाचे भैयाजी जोशी यांनी हा विषय विनाकारण काढला गेल्याचे सांगून, शिवाजी महाराजांनी अफजलखानाची कबर बांधू दिली होती याची आठवण करून दिली. प्रतापगडाच्या पायथ्याशी ती कबर आजही आहे. जीव घ्यायला आलेल्या माणसालाही मेल्यावर रीतीप्रमाणे माती द्यायची, हा महाराजांचा धडा आहे. शाहू महाराजही मोगलांच्या कैदेतून सुटल्यावर खुलताबादला या कबरीपाशी येऊन गेले, असे इतिहासकार लिहितात. ज्यांच्या पित्याला औरंगजेबाने मारले ते शाहू महाराज. त्यांच्याहून अधिक रागावण्याचा हक्क आज कोणाला आहे?

मलिक अंबर आणि गढी

गावाबाहेर मलिक अंबरचा मकबरा आहे. आम्ही गेलो तेव्हा तिथे कोणीच नव्हते. हबशी देशातून गुलाम म्हणून विकत आणलेला हा माणूस निजामशाहीचा कारभारी झाला. त्याने खडकी वसवली, तेच आजचे संभाजीनगर. तिथे त्याने नहर बांधून पाणी आणले आणि मोगलांना वर्षानुवर्षे दक्षिणेत पाय रोवू दिले नाहीत. १६२४ मध्ये आमच्या नगरजवळ भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. त्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे होते, आणि त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी तिथेच धारातीर्थी पडले. सकाळी ज्या पिराच्या दारातून आम्ही निघालो त्याच्या नावाचा हा मुलगा.

धाकटा घुमटाखाली उभा राहून म्हणाला, "याचं स्टेटस कोणीच ठेवत नाही." थोरली हसली. "कारण याच्यावरून भांडता येत नाही."

घाट उतरून वेरूळला आलो. लेणी पाहिली, पण त्यांच्याविषयी लिहायला हा लेख पुरणार नाही. घृष्णेश्वराच्या मंदिराबाहेर फुलांच्या दुकानांची रांग होती. मालोजीराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला आणि पुढे अहिल्याबाई होळकरांनी. जवळच भोसल्यांची गढी आणि शहाजीराजांचे स्मारक आहे. ऊन उतरले होते. दादी थकून एका दगडावर बसली. धाकट्याने गढीचे दोन-तीन फोटो काढले. कबरीपाशी त्याने एकही काढला नव्हता.

खुलताबादचा डोंगर तिथून वर दिसत होता. चार-पाच किलोमीटरच्या आत औरंगजेब, मलिक अंबर, भोसल्यांची गढी, ज्योतिर्लिंग, भद्रा मारुती आणि सूफींचे दर्गे. यांतले एखादे उचलून बाजूला केले तर उरलेल्यांची गोष्ट पुरी सांगता येत नाही. कबर नसती तर आमच्या मुलाला तरी आम्ही कुठे नेऊन दाखवले असते, की एवढ्या मोठ्या सत्तेचे शेवटी एवढेच होते?

सीताफळे

परतताना दौलताबादला सीताफळांच्या दोन पाट्या घेतल्या. एक घरासाठी. दुसरी कोणासाठी, ते धाकट्याने सांगितले नाही, आम्ही विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पिशवी घेऊन बाहेर पडला. आम्ही खिडकीतून पाहत होतो. दोस्ताचे घर आमच्या गल्लीच्या टोकाला आहे. दारात पणत्या लावलेल्या होत्या. तो बराच वेळ फाटकाबाहेर उभा राहिला, मग आत गेला.

परत आल्यावर कळले की दोस्त घरी नव्हता, मामाकडे गेला होता. दार त्याच्या आईने उघडले. धाकट्याने पिशवी पुढे केली आणि म्हणाला, "काकू, मार्चमध्ये मी जे टाकलं होतं ते चुकीचं होतं." घरून पाठ करून गेला असावा. काकू थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुला शाळेत काय बोलले होते, ते आमच्या याने मला नंतर सांगितलं. तेही चुकीचंच होतं. थांब, फराळ न्यायचा राहिलाय तुझ्या घरी."

डबा आला आहे. चकल्या नेहमीसारख्या थोड्या तिखट. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, म्हणून दादी त्यात काय घालावे याचा विचार करते आहे. दोस्त रविवारी येणार आहे मामाकडून. दोघे बोलतील की नाही, आम्हाला माहीत नाही. अल्लाहने त्यांची मने जोडावीत, एवढी दुआ आम्ही रोजच्या नमाजेत मागतो आहोत. वाचकांनीही मागावी.